फ्रान्झ शूबर्ट : शाळामास्तरांचा मुलगा, गाण्यांचा संगीतकार



पाश्चात्त्य संगीत म्हटलं की आपल्याला दोन नावं लगेच आठवतात, मोझार्ट आणि बीथोव्हेन. आज आपण ज्यांची ओळख करून घेणार आहोत ते त्यांच्याच व्हिएन्ना शहरातले, पण थोडे नंतरचे. आणि विशेष म्हणजे आपल्याच पेशातले! प्राथमिक शाळेत सगळ्यात लहान मुलांच्या वर्गाला अक्षरं आणि अंक शिकवणारे सहायक शिक्षक. त्यांचं नाव फ्रान्झ शूबर्ट.

जन्म : 31 जानेवारी 1797, व्हिएन्ना (ऑस्ट्रिया)
मृत्यू : 19 नोव्हेंबर 1828, व्हिएन्ना
आयुष्य : 31 वर्षे
काम : 600 हून जास्त गाणी, शिवाय सिम्फनी, चौकडीसाठीचं संगीत, पियानोच्या रचना, चर्चसाठीचं संगीत

त्यांच्या मृत्यूनंतर सरकारी पद्धतीप्रमाणे त्यांच्या सामानाची यादी झाली. कोट, पँटी, सदरे, मोजे, बूट, गादी, पांघरूण आणि थोडे जुने संगीताचे कागद. सगळ्याची मिळून किंमत भरली 63 गुल्डन. त्यात त्या जुन्या कागदांचे 10 गुल्डन. या हिशोबाने पाहिलं तर हा माणूस आयुष्यात काहीच मिळवू शकला नाही. मग आज दोनशे वर्षांनी आपण त्यांच्याविषयी का बोलतोय? आणि त्यांचं संगीत आपल्यापर्यंत आलं तरी कसं? चला, पाहूया.

घर आणि शाळा एकाच इमारतीत

फ्रान्झचे वडील फ्रान्झ थिओडोर हे मोराविया प्रांतातल्या शेतकरी कुटुंबातले. शिकून ते व्हिएन्नात आले आणि शहराच्या कडेला असलेल्या हिमेलफोर्टग्रुंड या गरीब वस्तीत त्यांनी शाळा चालवायला घेतली. त्या वेळी मास्तरांचं उत्पन्न मुलांच्या फीवर चालायचं. मुलं आली तर चूल पेटणार, असा प्रकार. राहणं आणि शाळा एकाच इमारतीत. आई एलिझाबेथ लग्नाआधी दुसऱ्यांच्या घरी कामाला होती.

या जोडप्याला चौदा मुलं झाली. जगली फक्त पाच. इग्नात्स, फर्डिनांड, कार्ल, फ्रान्झ आणि धाकटी मारिया टेरेझिया. बालमृत्यू त्या काळी घरोघरी होते, पण नऊ लेकरं गमावलेल्या घरात जगलेल्या मुलांनी लवकर कमावतं व्हावं असं वडिलांना वाटणं आपण समजू शकतो.

वडील कडक होते, पण संगीताचे शत्रू नव्हते. उलट व्हायोलिनचे पहिले धडे फ्रान्झला त्यांनीच दिले. थोरल्या इग्नात्सने पियानो शिकवला. थोड्याच महिन्यांत धाकटा भाऊ आपल्या पुढे गेल्याचं इग्नात्सच्या लक्षात आलं. मग फ्रान्झला लिश्टेनटाल चर्चचे ऑर्गनवादक मिखाएल होल्झर यांच्याकडे पाठवलं.

सुट्टीत घरात चौघांची मैफल जमायची. वडील चेलोवर, इग्नात्स आणि फर्डिनांड व्हायोलिनवर आणि फ्रान्झ व्हायोलावर. वडिलांचा सूर चुकला की फ्रान्झ पहिल्यांदा काहीच बोलायचा नाही. पुन्हा चुकला की हसून हळूच म्हणायचा, बाबा, इथे काहीतरी गडबड झाली वाटतं. फर्डिनांडने ही आठवण नंतर लिहून ठेवली आहे. घरात संगीत होतं, ते कमाईसाठी नव्हे, आनंदासाठी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वसतिशाळा, भूक आणि कोरे कागद

1808 साली अकरा वर्षांच्या फ्रान्झने राजदरबाराच्या चर्चमधील गायक मुलांसाठी परीक्षा दिली. परीक्षकांमध्ये दरबारी संगीतकार आंतोनियो सालिएरी होते. फ्रान्झची निवड झाली. त्याबरोबर श्टाटकोनविक्ट या नामांकित वसतिशाळेत फुकट शिक्षण आणि राहण्या-जेवण्याची सोय. गरीब मास्तरांच्या मुलासाठी ही लॉटरीच होती.

शाळा चांगली, पण खोल्या थंड आणि जेवण अपुरं. 1812 मध्ये त्याने भावाला लिहिलेलं एक पत्र आहे. दुपारच्या बेताच्या जेवणानंतर रात्रीच्या हलक्या जेवणापर्यंत साडेआठ तास जातात, तेव्हा पाव आणि सफरचंदं घ्यायला दर महिन्याला थोडी चिल्लर पाठव, अशी त्यात विनंती आहे. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हे पत्र आपलंच वाटेल.

या शाळेत विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंद होता. रोज संध्याकाळी तो हायडन, मोझार्ट, बीथोव्हेन यांच्या रचना वाजवायचा. तिथे फ्रान्झला भेटला योझेफ फॉन श्पाउन. वयाने आठ-नऊ वर्षांनी मोठा, कायद्याचा विद्यार्थी. या लाजाळू पोराच्या डोक्यात सारखं संगीत चालू असतं, पण स्वर लिहायचा पाच रेघांचा कागद विकत घ्यायला त्याच्याकडे पैसे नाहीत, हे श्पाउनच्या लक्षात आलं. त्याने कागद आणून द्यायला सुरुवात केली. आणि मग तो कागद इतक्या वेगाने संपायला लागला की श्पाउन चकितच झाला.

मला शूबर्टच्या चरित्रातली ही सर्वांत मोठी घटना वाटते. श्पाउनने त्याला संगीत शिकवलं नाही. सल्ला दिला नाही. फक्त मुलाला काय हवंय ते ओळखलं आणि ते आणून दिलं.

गणिताचे गुण

मे 1812 मध्ये आई वारली. फ्रान्झ पंधरा वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात त्याचा आवाज फुटला आणि चर्चमधलं गाणं थांबलं. पण त्याच सुमारास सालिएरींनी त्याला स्वररचना शिकवायला सुरुवात केली होती आणि हे शिक्षण पुढे काही वर्षं चाललं.

आवाज फुटल्यावर शाळेत राहायचं तर नवी शिष्यवृत्ती हवी. 1813 मध्ये ती मंजूरही झाली, पण अटीवर. अभ्यासातले, विशेषतः गणितातले गुण सुधारले पाहिजेत, आणि संगीत ही दुय्यम गोष्ट समजली पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलाने विचार केला आणि शिष्यवृत्ती सोडून दिली.

इथे मुलाचं बरोबर की शाळेचं, असा वाद घालता येईल. शाळेच्या बाजूने बोलायचं तर तिला हा मुलगा कोण होणार हे माहीत नव्हतं. तिच्यासमोर होती फक्त गुणपत्रिका. त्याच महिन्यांत त्याने आपली पहिली सिम्फनी पूर्ण केली होती, पण गुणपत्रिकेत त्यासाठी रकानाच नव्हता.

शाळा सुटली. वडिलांनी सरळ मार्ग दाखवला. शिक्षक हो, माझ्याच शाळेत लाग. फ्रान्झने व्हिएन्नातल्या सेंट आना विद्यालयात शिक्षक प्रशिक्षण घेतलं, म्हणजे आपल्याकडचं डीएड म्हणा ना! आणि 1814 च्या शरद ऋतूत सतराव्या वर्षी तो वडिलांच्या शाळेत सहायक शिक्षक म्हणून रुजू झाला.

वर्गातले दिवस

वर्ग सगळ्यात खालचा. मुलं लहान, संख्या भरपूर, पगार तुटपुंजा. शूबर्ट शिक्षक म्हणून कसे होते? खरं सांगायचं तर त्यांचा जीव त्यात नव्हता. लिहिण्यात दंग असताना मुलांनी दंगा केला की ते चिडायचे, अशा आठवणी मागे राहिल्या आहेत. आदर्श शिक्षक म्हणून त्यांचं उदाहरण देता येणार नाही, आणि द्यायचंही नाही.

पण याच दिवसांत जे घडलं ते थक्क करणारं आहे. ऑक्टोबर 1814 मध्ये लिश्टेनटाल चर्चच्या शताब्दीसाठी त्यांनी लिहिलेली प्रार्थना-रचना चर्चमध्ये सादर झाली. टेरेझ ग्रोब नावाची शेजारची मुलगी त्यात गायली. तिच्यावर शूबर्टचं प्रेम होतं. पण सहायक शिक्षकाच्या कमाईत संसार कसा होणार? पुढे 1820 मध्ये टेरेझचं लग्न एका बेकरीवाल्याशी झालं. शूबर्ट शेवटपर्यंत अविवाहित राहिले.

त्याच ऑक्टोबरच्या 19 तारखेला त्यांनी एक गाणं पूर्ण केलं, ‘चरख्यापाशी ग्रेटशेन’. पुढचं वर्ष 1815. शाळा सांभाळून या अठरा वर्षांच्या शिक्षकाने एका वर्षात सुमारे 140 गाणी, एक आख्खी सिम्फनी, चर्चसाठी दोन मोठ्या रचना आणि चार संगीत नाटकं लिहिली.

गाण्यात नवीन काय होतं?

आता थोडं संगीताविषयी, अगदी सोप्या भाषेत. युरोपच्या संगीतात साधारण 1820 ते 1900 या काळाला रोमँटिक काळ म्हणतात. इथे रोमँटिक म्हणजे सिनेमातलं प्रेम नव्हे. त्याआधीच्या काळात, ज्याला अभिजात काळ म्हणतात, संगीताचा तोल, आखीव रचना, मांडणी यांना फार महत्त्व होतं. रोमँटिक संगीतकारांनी रचना टाकून दिली नाही, पण माणसाच्या आतल्या भावनेला पुढे आणलं. एकटेपण, ओढ, भीती, निसर्ग, रात्र, प्रवास, लोककथा हे त्यांचे विषय. बीथोव्हेनने हे दार उघडलं. शूबर्ट त्या दारातून आत गेले ते गाण्याची वाट धरून.

या गाण्याला जर्मन भाषेत लीड म्हणतात. आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचं तर भावगीतासारखा प्रकार. एका चांगल्या कवीची कविता, एक गायक आणि एक पियानो. गाणी आधीही होती. पण बहुतेक गाण्यांत प्रत्येक कडव्याला तीच चाल आणि पियानोचं काम फक्त गायकाला साथ देणं. शूबर्टनी पियानोलाही गोष्ट सांगायला लावली.

‘चरख्यापाशी ग्रेटशेन’ हे गाणं घ्या. कविता गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातली. एक मुलगी सूत काततेय आणि दूर गेलेल्या प्रियकराचा विचार करतेय. पियानोवर उजवा हात सतत गोल गोल फिरणारे स्वर वाजवतो, ते चरख्याचं चाक. डाव्या हातात पायपट्टीचा ठेका. तिला त्याचा स्पर्श आठवतो, मन भरून येतं आणि चाक थांबतं! पियानो गप्प होतो. मग अडखळत, एकदा, दोनदा, पुन्हा फिरायला लागतं. तिचं मन कुठे हरवलं हे गायिकेने सांगायच्या आधी पियानोने सांगितलेलं असतं.

दुसरं उदाहरण ‘एर्लक्योनिग’, साल 1815. ही कवितासुद्धा गटेचीच. वादळी रात्र, घोड्यावर बाप, कुशीत तापाने फणफणलेला मुलगा. मुलाला जंगलातला भुतांचा राजा दिसतोय, बोलावतोय. बाप समजूत घालतोय. घरी पोचेपर्यंत मुलगा गेलेला असतो. यात निवेदक, बाप, मुलगा आणि भूतराजा असे चार आवाज आहेत आणि चारही एकाच गायकाने गायचे. बापाचा सूर खाली, मुलाचा वर, आणि प्रत्येक हाकेला मुलाचा सूर आणखी वर चढत जातो. भूतराजाचा आवाज मात्र गोड, लाडीगोडीचा. पियानोवर घोड्याच्या टापा अखंड चालू. अवघ्या चार-साडेचार मिनिटांत एक आख्खं नाटक!

शूबर्टची आणखी एक खूण म्हणजे आनंदी आणि उदास स्वरांची अचानक अदलाबदल. पाश्चात्त्य संगीतात मेजर आणि मायनर अशा दोन स्वरपट्ट्या आहेत. मेजर ऐकायला उजळ, मायनर जरा झाकोळलेली. एकाच ओळीत ते एकीतून दुसरीत जातात, जसं ऊन असताना मध्येच ढग यावा. गंमत म्हणजे त्यांच्याकडे कितीतरी वेळा उजळ स्वरच जास्त रडवतात.

न आलेली उत्तरं

1816 मध्ये श्पाउनने गटेच्या कवितांवरची शूबर्टची गाणी नीट प्रत करून स्वतः गटेंना पाठवली. ती उत्तराशिवाय परत आली. त्याच वर्षी शूबर्टनी लायबाख (आजचं ल्युब्लियाना) इथल्या संगीत शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. ती जागा दुसऱ्याला मिळाली.

‘एर्लक्योनिग’ लाइप्झिशच्या एका मोठ्या प्रकाशकाकडे गेलं तेव्हा तर कमालच झाली. त्यांनी ते नाकारलं आणि परत पाठवताना ड्रेस्डेनमधल्या दुसऱ्याच फ्रान्झ शूबर्ट नावाच्या संगीतकाराला पाठवलं. ते गृहस्थ भडकले. माझ्या नावावर असली सुमार चीज कोण खपवतंय, असा त्यांचा सवाल होता. आज त्यांची आठवण प्रामुख्याने याच पत्रामुळे निघते.

शाळा सुटली, मित्र मिळाले

1816 च्या अखेरीस शूबर्टनी शाळा सोडली आणि फ्रान्झ फॉन शोबर या मित्राच्या घरी राहायला गेले. पुढच्या वर्षी पुन्हा नाइलाजाने वर्गात परतले. 1818 च्या उन्हाळ्यात हंगेरीतल्या झेलिझ गावी एस्टरहाझी या सरदाराच्या दोन मुलींना संगीत शिकवण्याचं काम मिळालं. तिथून परत आल्यावर मात्र ते वडिलांच्या शाळेत गेले नाहीत.

वडिलांना हे आवडलं नाही. दोघांत दुरावा आला. वडिलांच्या नजरेने पाहा. पोराला शिक्षण दिलं, नोकरी दिली, हक्काची वाट करून दिली आणि पोरगा म्हणतोय मी गाणी लिहिणार. आजही कितीतरी घरांत हेच संभाषण चालू आहे, फक्त गाण्याच्या जागी दुसरा शब्द असतो.

यापुढे शूबर्टचं घर म्हणजे मित्रांची घरं. कधी कवी मायरहोफरबरोबर एका खोलीत, कधी शोबरकडे. बराच काळ स्वतःचा पियानोही नव्हता. रोज सकाळी लिहायला बसायचं, दुपारपर्यंत लिहायचं. संध्याकाळी मित्र. बुटके, जाडसर, चष्मा लावणारे शूबर्ट मित्रांमध्ये श्वामर्ल, म्हणजे छोटं अळिंब, या लाडक्या नावाने ओळखले जायचे.

1817 मध्ये योहान मिखाएल फोगल हे ऑपेराचे नामवंत गायक भेटले. वयाने जवळजवळ तीस वर्षांनी मोठे. आधी थोडे तुटक वागले, मग या गाण्यांच्या प्रेमात पडले आणि पुढे ती गात राहिले. मित्रांच्या दिवाणखान्यात फोगल गाणार, शूबर्ट पियानोवर. या बैठकांना नावच पडलं शूबर्टियाड. गाणी, कवितावाचन, मग नाच.

या घरगुती मैफलींमागे त्या काळाचं एक कारणही होतं. नेपोलियनच्या पराभवानंतर ऑस्ट्रियात मेटर्निखची कडक राजवट होती. पुस्तकं, नाटकं, गाणी सगळ्यांवर सेन्सॉर. विद्यार्थ्यांच्या गटांवर पोलिसांची नजर. 1820 मध्ये शूबर्टचे मित्र कवी योहान सेन यांच्या खोलीवर पोलिसांनी धाड घातली तेव्हा शूबर्ट तिथेच होते. त्यांना समज देऊन सोडलं. सेन मात्र वर्षाहून अधिक काळ तुरुंगात राहिले आणि नंतर व्हिएन्नातून हद्दपार झाले. रस्त्यावर मोकळं बोलता येत नाही, तेव्हा माणसं दिवाणखान्यात जमतात. त्यातच मध्यमवर्गीय घरांत पियानो आला होता. अशा घरासाठी एक आवाज आणि एक पियानो यांचं गाणं अगदी योग्य होतं.

1821 मध्ये ‘एर्लक्योनिग’ शेवटी छापलं गेलं. प्रकाशक पैसे घालायला तयार नव्हते, म्हणून मित्रांनी वर्गणी काढली. एका संध्याकाळच्या बैठकीतच शंभर प्रती खपल्या. त्याच वर्षी 7 मार्चला फोगल यांनी ते मोठ्या सभागृहात गायलं आणि व्हिएन्नाला शूबर्ट हे नाव कळलं.

आजारपण आणि काम

शूबर्टना मोठं नाव हवं होतं ऑपेरात, कारण पैसा तिथे होता. पण ‘अल्फोन्सो आणि एस्ट्रेला’ व ‘फिएराब्रास’ हे त्यांचे दोन मोठे ऑपेरा त्यांच्या हयातीत रंगमंचावर आलेच नाहीत.

1822 मध्ये त्यांनी बी मायनरमधल्या एका सिम्फनीचे दोन भाग पूर्ण केले आणि पुढचं काम थांबलं. हीच ती प्रसिद्ध अपूर्ण सिम्फनी. त्याच वर्षाच्या शेवटी ते गंभीर आजारी पडले. आजार होता सिफिलिस, त्या काळात त्यावर खरा इलाज नव्हता. 1823 मध्ये रुग्णालयात राहावं लागलं, केस गेले, काही काळ टोप घालावा लागला. 1824 मध्ये त्यांनी एका चित्रकार मित्राला पत्रातून कळवलं की आपली तब्येत आता कधीच पूर्ण बरी होणार नाही.

तेव्हा वय होतं 27. आणि काम थांबलं का? नाही. 1823 मध्येच विल्हेल्म म्युलर यांच्या कवितांवर 20 गाण्यांची मालिका ‘चक्कीवाल्याची सुंदर मुलगी’ तयार झाली. 1824 मध्ये ‘मृत्यू आणि तरुणी’ या नावाने ओळखली जाणारी तंतुवाद्यांची चौकडी. 1825 मध्ये वॉल्टर स्कॉट यांच्या काव्यातली एलनची प्रार्थना, जी आज जगभर ‘आवे मारिया’ म्हणून गायली जाते. ही धून तुम्ही कुठे ना कुठे नक्की ऐकली असेल!

1827 मध्ये बीथोव्हेन गेले. अंत्ययात्रेत मशाल धरून चालणाऱ्यांत शूबर्ट होते. त्याच वर्षी म्युलर यांच्याच कवितांवर 24 गाण्यांची ‘हिवाळी प्रवास’ ही मालिका पूर्ण झाली. प्रेमात हरलेला एक माणूस बर्फातून एकटा चालत निघाला आहे, एवढीच गोष्ट. शेवटच्या गाण्यात त्याला गावाबाहेर एक म्हातारा दिसतो. बर्फात अनवाणी उभा, गारठलेल्या बोटांनी हाताने फिरवायचं वाद्य वाजवतोय. समोरची थाळी रिकामी. कुत्री गुरगुरतात. कोणी ऐकत नाही, तरी तो वाजवतोच आहे. पियानोवर दोनच सूर धरून ठेवलेले आणि वर एक तुटकी धून. मित्रांनी मालिका पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते गोंधळले. इतकं अंधारलेलं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. शूबर्टना मात्र स्वतःला ही गाणी सर्वांत प्रिय होती.

शेवटचं वर्ष

26 मार्च 1828, बीथोव्हेनच्या पहिल्या स्मृतिदिनी, शूबर्टच्या केवळ स्वतःच्या रचनांचा सार्वजनिक कार्यक्रम झाला. आयुष्यात असा हा एकच. सभागृह भरलं, पैसेही बरे मिळाले. पण तीनच दिवसांनी इटलीचे जादूगार व्हायोलिनवादक पागानिनी यांचा व्हिएन्नातला पहिला कार्यक्रम होता. वर्तमानपत्रं पागानिनीमय झाली. शूबर्टच्या कार्यक्रमाची दखल व्हिएन्नात फारशी कोणी घेतली नाही.

त्या वर्षी त्यांनी पियानोच्या तीन मोठ्या सोनाटा, दोन चेलो असलेलं पाच तंतुवाद्यांचं संगीत आणि पुढे ‘हंसगीत’ नावाने छापली गेलेली गाणी लिहिली. हे काम आज जगातल्या सर्वश्रेष्ठ संगीतात मोजलं जातं. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृत्यूच्या पंधरा दिवस आधी, ते सिमोन सेख्टर या शिक्षकांकडे शिकायला गेले! विषय होता काउंटरपॉइंट, म्हणजे अनेक धुना एकाच वेळी गुंफण्याचं शास्त्र. 600 गाणी लिहून झालेला माणूस म्हणतो, मला हे अजून नीट येत नाही, शिकवा. एकच धडा झाला.

ते शेवटी फर्डिनांडच्या घरी राहत होते. अंथरुणावर पडून ‘हिवाळी प्रवास’च्या दुसऱ्या भागाची मुद्रितं तपासत होते. 19 नोव्हेंबरला तापात त्यांचा अंत झाला. बीथोव्हेनजवळ जागा मिळावी म्हणून घरच्यांनी जादा खर्च करून त्यांना वेरिंगच्या दफनभूमीत नेलं. त्यात वडिलांनीही भार उचलला. 1888 मध्ये दोघांचेही अवशेष शहराच्या मध्यवर्ती दफनभूमीत हलवले गेले. तिथेही ते शेजारी आहेत.

कागद कोणी जपले?

आता सुरुवातीचा प्रश्न. 63 गुल्डनच्या माणसाचं संगीत आपल्यापर्यंत आलं कसं?

फर्डिनांड हेही शिक्षकच. पुढे ज्या सेंट आना विद्यालयात धाकट्या भावाने प्रशिक्षण घेतलं होतं, त्याचेच ते प्रमुख झाले. भावाच्या हस्तलिखितांचा ढीग त्यांनी सांभाळला. 1839 च्या सुरुवातीला रॉबर्ट शूमान हे तरुण संगीतकार व्हिएन्नात त्यांच्या घरी आले. फर्डिनांडने तो ढीग दाखवला. त्यात सी मेजरमधली जवळपास तासाभराची एक सिम्फनी होती. शूबर्टच्या हयातीत व्हिएन्नातल्या संगीत संस्थेने ती फार अवघड म्हणून बाजूला ठेवली होती. शूमानने ती लाइप्झिशला पाठवण्याची व्यवस्था केली आणि 21 मार्च 1839 रोजी मेंडेल्सोनने ती वाजवून घेतली. शूबर्टना जाऊन दहा वर्षं झाली होती.

अपूर्ण सिम्फनीला तर त्याहून उशीर. तिचे कागद आन्सेल्म ह्युटेनब्रेनर या मित्राकडे पडून होते. ती पहिल्यांदा वाजली 17 डिसेंबर 1865 रोजी, म्हणजे लिहिल्यानंतर 43 वर्षांनी. लिस्टने शूबर्टची गाणी पियानोवर आणून युरोपभर वाजवली. ब्राम्सने शूबर्टच्या समग्र आवृत्तीसाठी सिम्फनींचं संपादन केलं. म्हणजे रोमँटिक काळातल्या पुढच्या पिढीनेच त्यांना उभं केलं.

आपल्यासाठी

शूबर्टची गोष्ट सांगताना एक धोका असतो. गरिबी, आजार, अकाली मृत्यू, म्हणून महान कलाकार, असा चुकीचा अर्थ मुलं घेतात. गरिबीने किंवा आजाराने एकही गाणं लिहिलेलं नाही. जिथे जिथे काम पुढे गेलं तिथे कोणीतरी उभं होतं. वडिलांनी हातात व्हायोलिन दिलं. इग्नात्सला धाकटा भाऊ पुढे गेल्याचा राग आला नाही. श्पाउनने कागद दिले. फोगलने आवाज दिला. मित्रांनी वर्गणी काढली. फर्डिनांडने ढीग रद्दीत घातला नाही.

नोकरी सोडून छंदामागे धावा, असंही ही गोष्ट सांगत नाही. त्यांच्या वडिलांची काळजी खोटी नव्हती. शूबर्टना पैशांची चणचण शेवटपर्यंत राहिली. पण मुलाची काळजी करणं आणि मुलाला काय हवंय ते पाहणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. ते घर चौघांच्या मैफलीपुरतं हे करतही होतं.

वर्गात ऐकवायचं असेल तर इयत्ता तिसरी-चौथीसाठी ‘ट्राउट’ माशाचं गाणं घ्या. पियानोत पाणी खळाळताना मुलांना लगेच ओळखू येतं. पाचवी ते सातवीला ‘एर्लक्योनिग’ आधी गोष्ट सांगून ऐकवा. भाषा कळली नाही तरी चार आवाज कोणते हे मुलं बरोबर सांगतात. मोठ्यांसाठी अपूर्ण सिम्फनीचा पहिला भाग.

व्हिएन्नाच्या शहर ग्रंथालयात शूबर्टच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आज जपून ठेवला आहे. 2001 मध्ये युनेस्कोने त्याची नोंद जागतिक स्मृतींच्या यादीत केली. त्यातल्या किशोरवयीन कागदांकडे पाहताना श्पाउनची आठवण ठेवायला हवी. एका पोराकडे पाच रेघांचा कागद नाही, हे त्याने वेळेवर पाहिलं होतं.